पोराला वाचता येतं का, एवढं आईबापाला कळू द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दरवर्षी मे-जून आला की तुमच्या पेपरात आणि बाकी सगळ्याच पेपरांत दहावी-बारावीच्या निकालाची पानंच्या पानं असतात, पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि आपलं सोलापूर, त्यात आपला जिल्हा कितवा, मुली किती टक्क्यांनी पुढं, शंभर टक्के निकालाच्या शाळा किती, आणि मग आठ दिवस चौकाचौकात पोरांच्या फोटोची डिजिटल लागतात. ते कौतुक व्हायलाच पाहिजे, पोरं कष्ट करतात, आईबाप पोटाला चिमटा काढतात. पण मला वेगळं बोलायचंय. पोरगं शाळेत जातं सहाव्या वर्षी आणि हा निकाल येतो पंधराव्या-सोळाव्या वर्षी. मधली पहिली ते नववी अशी नऊ वर्षं त्या शाळेत काय चाललंय हे ना गावाला माहीत, ना नगरसेवकाला, ना पेपरवाल्यांना, आणि त्या पोराच्या आईबापालाही नीट माहीत नसतं. दहावीला अडकणारं पोरगं बहुतेक वेळा तिसरी-चौथीतच मागं पडलेलं असतं, तेव्हा कुणी घरी येऊन सांगितलेलं नसतं एवढंच.

मी विडी घरकुल भागात राहते, माझी लेकरं महापालिकेच्या शाळेत आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझं नाव आहे. संध्याकाळी घरी आजूबाजूच्या पोरांचा अभ्यास घेते. आमच्याकडं बहुतेक घरात बाई विड्या वळते आणि माणूस लूमवर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, कितीतरी घरात बोलणं तेलुगूत. पूर्वी १ मेला झेंडावंदन झालं की प्रगतीपुस्तक हातात पडायचं, आता तारीख मागंपुढं होते, पण ज्या दिवशी पडतं त्या दिवशी संध्याकाळी बाया ते पदरात घेऊन माझ्याकडं येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "अक्का, बघा की, पोरगं शिकालंय का नाही तेवढं सांगा." आणि संपादक साहेब, मी ग्रॅज्युएट बाई असून ते पुस्तक बघून मला ते सांगता येत नाही.

कारण त्यात काय असतं बघा. मराठी ब-२, गणित ब-१, इंग्रजी क-१, कला अ-२. खाली तीन रकाने, विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. त्यात लिहिलेलं असतं, शालेय उपक्रमात उत्साहाने भाग घेतो, चित्रे काढायला आवडतात, वाचनाचा सराव करावा. हीच वाक्यं शेजारच्या पोरीच्या पुस्तकात, हीच पलीकडच्या गल्लीतल्या वेगळ्या शाळेच्या पुस्तकात, कारण अशा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाईलवर फिरतात आणि पन्नास पोरांचं पुस्तक दोन दिवसांत लिहायचं असलं की गुरुजी तरी काय करणार. चौथीतलं एक पोरगं माझ्याकडं येतं, मराठीत ब-२ आहे, ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के. त्याच्यासमोर दुसरीचं बालभारती उघडलं तर जोडाक्षर आलं की तो थांबतो, दोन ओळींच्या पुढं जात नाही. त्याच्या आईला वाटतं ब म्हणजे बरं चाललंय. तिला कुणी फसवलंय असं मी म्हणत नाही, पण तिला खरं कळलेलं नाही आणि पुढचं एक वर्ष ती निवांत राहणार.

ही श्रेणी कुठून येते तेही सांगते, कारण बऱ्याच पालकांना वाटतं पेपर लिहिला, मार्क पडले, झालं. तसं नाहीय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात पोराचं मूल्यमापन वर्षभर सतत आणि सगळ्या बाजूंनी करायचं असं आलं आणि आपल्या राज्याने ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा शासन निर्णय काढला. त्यात आकारिक आणि संकलित असे दोन भाग. पहिली-दुसरीला ७० मार्क आकारिकचे आणि ३० संकलितचे, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे मार्क, आणि आकारिक म्हणजे बाईंनी वर्गात वर्षभर बघून द्यायचे मार्क, त्यात निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे, लहान पोराला तीन तासाच्या पेपरावर तोलू नये हे मला पटतं. पण ह्या सगळ्याची बेरीज करून शेवटी एक अक्षर आणि एक आकडा केला की त्यातून पोराला काय येतं आणि काय येत नाही हेच गळून जातं. प्रकल्पाची वही आईने सजवली असेल तर तिचेही मार्क त्यात, हजर राहून छान गाणं म्हटलं त्याचेही त्यात, आणि वाचता येत नाही हे त्या बेरजेत कुठंतरी दबून जातं. ई-१, ई-२ ह्या सगळ्यात खालच्या श्रेणी नियमात आहेत, माझ्याकडं येणाऱ्या पुस्तकांत मात्र मी त्या कधी बघितल्या नाहीत.

आणि मग पाचवी येते. कायद्यात २०१९ ला बदल झाला, राज्याने २०२३ मध्ये नियम केले आणि आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, ३५ टक्के पाहिजेत, नाही पडले तर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणजे चार वर्षं ब आणि क बघितलेल्या आईला एकदम पाचवीच्या शेवटी कळतं की पोराला फेरपरीक्षा आहे. बाई हादरते, पोराला मारते, नवऱ्याची बोलणी खाते. हे आधी सांगता आलं नसतं का? आलं असतं. शाळेकडं सगळी माहिती होती.

इथंच माझा खरा मुद्दा आहे. माहिती नाही असं अजिबात नाहीय, माहिती बक्कळ आहे, पण ती सगळी वर जाते, खाली येत नाही. २०२३ पासून तिसरी ते आठवीच्या पोरांच्या नियतकालिक चाचण्या चालू झाल्या, सगळे पॅट म्हणतात, केंद्र सरकारच्या स्टार्स नावाच्या शिक्षण प्रकल्पातून, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. पेपर पुण्याहून तयार होऊन येतात, शिक्षक तपासतात आणि प्रत्येक पोराचे प्रत्येक प्रश्नाचे मार्क मोबाईलवर चॅटबॉटमध्ये भरतात, ते जातात विद्या समीक्षा केंद्रात, म्हणजे शाळांची माहिती जिथं गोळा होते त्या राज्याच्या केंद्रात. आमच्या शाळेतल्या मॅडम रात्री अकरा वाजता नेट चालेना म्हणून गच्चीवर जाऊन ते भरतात हे मला माहीत आहे. म्हणजे अमुक पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही हे पुण्यातल्या सर्व्हरला कळतं आणि विडी घरकुलातल्या त्याच्या आईला कळत नाही. ह्याचा मला राग येतो, आणि हा राग शिक्षकांवर नाहीय.

जनतेसाठी म्हणून जे जाहीर होतं तेही बघा. प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस नंबर असतो, २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे ३० म्हणजे सोलापूर जिल्हा. तो नंबर टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड कुणालाही इंटरनेटवर बघता येतं, बहुतेक पालकांना हे माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. त्यात खोल्या किती, शौचालय मुलींचं वेगळं आहे का, पाणी, वीज, शिक्षक किती, पट किती हे मिळतं, आणि ते उपयोगाचं आहे, आम्ही एकदा समितीच्या बैठकीत तेच काढून दाखवलं तेव्हा रॅम्पचा विषय पुढं सरकला. पण पोरं शिकतात किती, ह्यावर त्यात एक ओळ नाही. मग केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, २०१७ आणि २०२१ ला झालं, आणि ४ डिसेंबर २०२४ ला परख सर्वेक्षण झालं तिसरी, सहावी आणि नववीचं. त्यात जिल्ह्याचे आकडे येतात, पण ते नमुन्याला घेतलेल्या शाळांवरून काढलेले, माझ्या शाळेचं काय ते त्यात कळणार नाही. जिल्ह्यांची एक श्रेणी यादीही निघते, ६०० गुणांची, त्यात दक्ष, उत्कर्ष, अतिउत्तम, उत्तम, प्रचेष्टा अशी नावं. ह्या शब्दांवरून आमच्या गल्लीतल्या कुणाला काय बोध होणार? अधिकाऱ्यांना कामाचं असेल, पण ते अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी केलेलं आहे.

ह्याच्या उलट प्रथम ह्या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेचा असर अहवाल बघा. २००५ पासून चालू आहे. गावात घरोघरी जाऊन पोराच्या हातात एक कागद देतात, अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि गणितात अंक ओळख, वजाबाकी, भागाकार. पोराला कुठपर्यंत येतं ते तिथंच आईसमोर कळतं. २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या ४८.८ टक्के पोरांना दुसरीच्या पातळीचं वाचता आलं, सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांमध्ये २३.४ टक्के, आणि हेच २०२२ ला १६.३ होतं म्हणजे सुधारणा आहे. हे वाक्य अंगठेबहाद्दर आजीला पण समजतं, शंभरातली एवढी पोरं गोष्ट वाचतात, एवढी नाही. पण हा सर्व्हे फक्त खेड्यांचा आहे. सोलापूर शहर, २०११ च्या जनगणनेला साडेनऊ लाख लोकांचं, त्यात येतच नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या गावात निदान सर्व्हेवाला कधीतरी पोचू शकतो, आमच्या घरकुलात तोही येणार नाही.

२०२५ ला निपुण महाराष्ट्रच्या, म्हणजे लहान पोरांना वाचन आणि गणित यावं म्हणून सरकारने काढलेल्या मोहिमेच्या निमित्ताने जिल्हा परिषद शाळांमध्ये चावडी वाचन हा प्रकार झाला, गावासमोर पोरांनी वाचून दाखवायचं, गणितं करून दाखवायची. माझ्या माहेरी मोहोळ तालुक्यात मी स्वतः बघितलं. लोक जमले होते, म्हातारी माणसं पुढं बसली होती, ज्यांची पोरं धडाधडा वाचत होती त्या बापांची छाती फुगली होती, आणि पहिल्यांदा गावात लोक रस्ता, गटार सोडून पोरांच्या वाचनावर बोलले. हे फार चांगलं झालं. पण एक पोरगी उभी राहिली, तिसरीतली, तिला येत नव्हतं, माईकवर सगळ्यांसमोर, मागून पोरं हसली, आणि ती पोरगी रडत खाली बसली. माझं सगळं लक्ष मग तिच्यावरच गेलं. गावाला शाळेची प्रगती कळायलाच पाहिजे, पण एकेका पोराची उणीव ही त्याच्या आईबापाच्या कानात सांगायची गोष्ट आहे, माईकवर सांगायची नाही. शाळेचं जाहीर, पोराचं खाजगी, ही रेघ पाळली पाहिजे, आणि आपल्याकडं नेमकं उलटं चाललंय. दहावीच्या पोराचे टक्के नावानिशी चौकात लागतात आणि शाळेत किती पोरांना वाचता येत नाही हे गुपित राहतं.

माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्या पोरांच्या शाळेचं कळलं म्हणून मी जरा वाचून काढलं. तिकडं शाळा चालवायला आपल्या जिल्हा परिषदेसारखे स्कूल डिस्ट्रिक्ट असतात आणि २०१५ चा त्यांचा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या आधी २००२ चा होता. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा आणि हायस्कूलला एकदा, पोराचा स्वतःचा निकाल आईबापाला, आणि प्रत्येक शाळेचं, प्रत्येक डिस्ट्रिक्टचं आणि राज्याचं रिपोर्ट कार्ड सगळ्या जनतेला. नुसती सरासरी देऊन चालत नाही, गरीब घरातल्या पोरांचं वेगळं दाखवायचं, अपंग पोरांचं वेगळं, ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही त्यांचं वेगळं, शिवाय एका पोरामागं खर्च किती. आणि त्या कायद्यातच लिहिलंय की हे समजेल अशा स्वरूपात द्या आणि जिथवर शक्य आहे तिथवर पालकांना कळणाऱ्या भाषेत द्या. एखाद्या गटात पोरं फारच कमी असली तर तो आकडा झाकतात, म्हणजे कुणाचं पोर ते ओळखू येऊ नये. हे सगळं मला फार आवडलं.

पण तिकडचं सगळंच उचलायचं नाही, तेही लिहिते. आकड्यावर शिक्षकाची नोकरी आणि शाळेचं भवितव्य टांगलं की काय होतं त्याचं अटलांटा शहराचं उदाहरण आहे. तिथं राज्य सरकारने चौकशी केली, २०११ मध्ये अहवाल आला, ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं त्यात होती, पोरांच्या उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. २०१५ ला कोर्टाने ११ जणांना दोषी धरलं. म्हणजे आकडा जाहीर करा म्हणताना मी हात जोडून सांगते की त्यावरून कुणाचं इन्क्रिमेंट थांबवू नका, कुणाची बदली करू नका, शाळांचा पहिला-दुसरा नंबर लावू नका. तसं केलं तर दुसऱ्या वर्षी सगळ्या शाळा ९८ टक्क्यांवर जातील आणि पोरगं तिथंच जोडाक्षरावर अडकलेलं असेल.

नंबर लावण्यात दुसराही अन्याय आहे. होटगी रोडच्या शाळेत येणाऱ्या पोराच्या घरी पुस्तकं असतात, ट्यूशन असते, आई अभ्यास घेते. आमच्या शाळेत येणारं पोरगं सकाळी आईला पानं कातरायला मदत करून येतं, काही वेळा धाकट्याला सांभाळायला म्हणून येतच नाही, आणि पहिलीत आलं तेव्हा त्याला मराठी फारशी समजतही नव्हती. दोघांच्या शाळेचे टक्के शेजारी शेजारी छापले तर आमच्या मॅडमवर अन्याय होईल, खरं तर त्यांनी जास्त काम केलेलं असतं. म्हणून शेवटचा आकडा एकटा नको, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही पाहिजेत. पायाभूत चाचणीला किती पोरं कुठं होती आणि संकलित दोनला ती कुठं पोचली. ह्या दोन्ही चाचण्या होतातच, त्यासाठी एक रुपया जास्त लागणार नाही. जूनमध्ये दहा पोरांना वाचता येत होतं आणि एप्रिलमध्ये पंचवीस पोरांना, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलं तर गल्लीतली प्रत्येक बाई त्या मॅडमला मानेल.

आता भाषेचं. आपलं सोलापूर इतर शहरांसारखं नाहीय. महापालिकेच्याच शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पोरगं मराठी माध्यमात आणि आईला फक्त तेलुगू बोलता येते, वाचता कुठलीच येत नाही, अशी घरं पूर्व भागात गल्लीगल्लीत आहेत. तिच्या हातात छापील मराठी कागद देऊन शाळेने कळवलं असं कसं म्हणायचं? तिला तोंडाने सांगावं लागेल. माझ्या मते हे फार अवघड नाही, वर्गातल्याच एखाद्या मोठ्या पोरीला सोबत घेऊन मॅडम सांगू शकतात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, तुमच्या मुलाला साधे शब्द वाचता येतात, गोष्ट वाचता येत नाही, रोज रात्री दहा मिनिटं त्याला मोठ्याने वाचायला बसवा, तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, नुसतं ऐका. आमच्याकडं एका बाईंनी हे स्वतःच्या मनाने चालू केलं होतं, पालकसभेला कधी न येणाऱ्या आया तो मेसेज परत परत ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर विचारायला उभ्या राहायच्या. त्या बाईंची बदली झाली आणि ते बंद पडलं. चांगलं काम एका माणसाच्या मर्जीवर राहिलं की असंच होतं, म्हणून ते नियमाने व्हायला पाहिजे.

आणि नियम आहेच की. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकाच्या कर्तव्याचं आहे, त्यात स्पष्ट आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि पोराची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती हे सगळं पालकांना सांगायचं. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया. आमच्या समितीची बैठक होते, मी खोटं बोलणार नाही, पण विषय काय असतात, पोषण आहार, गणवेश, गळकं छत, स्नेहसंमेलन. पोरं किती शिकली हा विषय अजेंड्यावर मी मागून मागून घेतला तर उत्तर मिळालं की ते ऑनलाइन भरलंय, वरून रिपोर्ट आल्यावर सांगू. वरून रिपोर्ट आमच्यापर्यंत काय आला नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, त्याचं कलम ४ म्हणतं की लोकांनी अर्ज करायची वाट न बघता कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करावी, स्थानिक भाषेचा विचार करून करावी, आणि जाहीर करणं म्हणजे नोटीस बोर्ड, पेपर, दवंडी असं काहीही. म्हणजे आम्ही नवीन काही मागत नाही.

खाजगी शाळांबद्दल पण दोन शब्द, कारण आमच्या भागातली जी बाई चार पैसे साठवते ती पहिलं काम काय करते तर पोराला महापालिकेतून काढून इंग्लिश मिडियमला घालते. तिथलं प्रगतीपुस्तक गुळगुळीत कागदाचं असतं आणि त्यात ९२, ९५ टक्के असतात. ती पोरं पण माझ्याकडं येतात. पाठ केलेलं छान म्हणतात, पण त्यातलाच एक परिच्छेद विचारला की अर्थ सांगता येत नाही, आणि मराठी पण वाचता येत नाही. विनाअनुदानित शाळेला कलम २१ ची समिती लागू नाही, पालक-शिक्षक संघ आहे, पण तो फीच्या कायद्यामुळं, आणि बोलणं पण फीवरच अडतं. जाहिरातीत एसी वर्ग, स्विमिंग टँक, रोबोटिक्स. तिसरीच्या शेवटी तुमच्या शाळेतल्या किती पोरांना न शिकवलेला उतारा वाचून समजतो, हे एकाही शाळेच्या डिजिटलवर मी वाचलेलं नाही. हा प्रश्न पालकांनी जूनमध्ये अॅडमिशनच्या टेबलावर विचारावा असं माझं मत आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांचं तर विचारूच नका. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात, आपल्याकडचीही माणसं जातात, पोरं अर्धं वर्ष एका शाळेत अर्धं वर्ष फडावर. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते खरंच पोराबरोबर फिरलं आणि त्यात त्याला कुठपर्यंत येतं हे दोन ओळीत लिहिलं तर पुढच्या शाळेला पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतीपत्रकाची गोष्ट आहे, त्यात पोराने स्वतःचं मूल्यमापन करायचं, सोबत्यांनी करायचं, शिक्षकांनी करायचं, आणि ते घर आणि शाळेतला दुवा व्हावं असं म्हटलंय. वाचायला चांगलं वाटतं. पण त्याची पानं वाढत गेली, रंगीत चौकटी आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं भरत गेली आणि शिक्षकाच्या डोक्यावर अजून एक भरायचं काम पडलं तर पुन्हा तयार नोंदी उतरवल्या जातील, दुसरं काय होणार. मला वाटतं पहिल्या पानावर फक्त चार ओळी असाव्यात, साध्या मराठीत, नाहीतर त्या माध्यमाच्या भाषेत. तुमचा मुलगा सोपी गोष्ट अडखळत वाचतो. दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते, भागाकार येत नाही. वर्षात एवढे दिवस शाळेत आला. सुट्टीत हे एक काम करून घ्या. बाकीच्या श्रेण्या मागच्या पानावर खुशाल असू द्या.

आणि शाळेबाहेर, गेटशेजारच्या भिंतीवर एक फलक, इयत्तावार, किती पोरं आहेत, त्यातली किती गोष्ट वाचतात, किती भागाकार करतात, जूनमध्ये किती होती आणि आता किती. वस्तीवरच्या छोट्या शाळेत, जिथं एका वर्गात तीन-चारच पोरं आहेत, तिथं वर्गाचा आकडा लावायचा नाही, कारण मग तो आकडा म्हणजे नावच झालं, तिथं पूर्ण केंद्राचा, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचा, एकत्र लावावा. चॅटबॉटमध्ये भरलेले आकडे शाळेला आणि समितीला एका पानावर परत मिळाले तर शिक्षकांना नव्याने काहीही भरायला नको. हे काम जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि महापालिका शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी एका पत्राने करू शकतात, वेळापूरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पानाचा नमुना करून देऊ शकते, आणि तो आधी दहा-पंधरा आयांना वाचून दाखवून बघावा, त्यांना कळला तरच छापावा.

तुम्हाला पण एक विनंती आहे, संपादक साहेब. दहावीच्या निकालाला जेवढी जागा देता त्याच्या चौथाई जागा वर्षातून एकदा तिसरीच्या वाचनाला द्या. तुमचे वार्ताहर अकराही तालुक्यांत आहेत, माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत. शाळेचं नाव खराब करायची बातमी नको, कुठल्या शाळेत वर्षभरात पोरं पुढं गेली आणि तिथल्या बाईंनी काय केलं ती बातमी द्या, म्हणजे बाकीच्या शाळांना पण बघायला जाता येईल.

जूनमध्ये शाळा उघडतील, जुलै-ऑगस्टकडं पायाभूत चाचणी होईल. आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीसाठी मी लेखी विषय दिलाय की चाचणीचे मार्क ऑनलाइन भरले की आठवड्याच्या आत पालकसभा घ्यावी आणि प्रत्येक आईला तिच्या पोराचं वेगळं बसवून सांगावं, सभा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, कारण विड्या कारखान्यावर देऊन यायला बायांना तेवढा उशीर होतोच. दुसऱ्या शाळांच्या समितीवर जे पालक आहेत त्यांनी पण असाच विषय लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
विडी घरकुल, सोलापूर